कूस
(मंडळाच्या मासिक सभेत वाचलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला होता तो 'वृद्धांची शुश्रूषा'. विषय फार मोठा आहे. त्यात पथ्यपाणी येते, औषधे येतात, विसराळूपणा येतो, पडणेझडणे येते आणि घरातल्या माणसांचे स्वभाव तर येतातच. अर्ध्या तासात एवढे सगळे शिजवायला घेतले तर एकही शीत नीट शिजणार नाही. म्हणून मी त्यातला एकच भाग घेतला आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जी जखम होते, जिला पुस्तकात शय्याव्रण म्हणतात आणि आपण सगळ्याजणी बेडसोर म्हणतो, ती का होते, कशाने टळते, आणि ती टाळता टाळता घरातल्या बाईने रात्री झोपायचे की नाही, एवढेच मला बोलायचे आहे.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम धरला आहे. रुग्णालयातून माणूस घरी आणताना आपल्याला एक वाक्य सांगतात, "दर दोन तासांनी कूस बदला." सांगणारा सांगून जातो. दिवसा ठीक आहे, येताजाता होते. पण रात्री? दहा, बारा, दोन, चार. आणि साडेपाचला नळ येतो. महिना-दोन महिने असे काढलेली बाई आपल्यात एक नाही, निदान आठ-दहाजणी बसल्या आहेत. त्यांची तोंडे मला इथून दिसताहेत.

माझी मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा इंग्रजी तिने वाचले, मराठीत मला सांगितले, आणि मी शंभर प्रश्न विचारून तिला हैराण केले. तिला जे खात्रीने सांगता आले तेवढेच मी येथे घेतले आहे.

आधी जखम कशी होते ते पाहू. कासाराकडे बांगड्या भरताना तो हात दाबतो, तेव्हा कातडी पांढरी पडते आणि सोडली की लाल होते. पांढरी पडते म्हणजे तिथले रक्त हटते, लाल होते म्हणजे ते परत येते. माणूस उताणा पडून राहिला की त्याच्या अंगाचा भार हाडाच्या उंचवट्यांवर येतो. माकडहाडाच्या वरची जागा, दोन्ही खुबे, टाचा, घोटे, कोपरे, खांद्यांचे फरे, डोक्याची मागची बाजू. तिथली कातडी आणि मांस हाड व गादी यांच्यामध्ये चिमटून बसते. धडधाकट माणसाला टोचायला लागते आणि तो झोपेतच कूस बदलतो. आपण सगळ्या रात्रीतून कितीतरी वेळा वळतो, आपल्याला पत्ताही नसतो. ज्याला वळता येत नाही, किंवा टोचलेलेच कळत नाही, त्याचे रक्त तिथे परत येत नाही. काही तासांतदेखील मांस मरायला सुरुवात होऊ शकते. आणि फसवी गोष्ट अशी की पुष्कळदा ते आधी आत, हाडाजवळ मरते. बाहेरून आंबा पिवळाधमक दिसावा आणि कापल्यावर कोयीपाशी नासलेला निघावा, तसे हे असते. वर डाग दिसेपर्यंत आत पोकळी झालेली असते.

आमच्या सासूबाई खुब्याचे हाड मोडल्यामुळे तीन आठवडे एका रुग्णालयात होत्या. घरी आणले त्या दिवशी आंघोळ घालताना माकडहाडाच्या वर रुपयाएवढा काळा डाग दिसला. घरी सोडताना दिलेल्या कागदांवर त्याविषयी एक अक्षर नव्हते. पुढे डॉक्टरांनी तो काळा भाग काढला तेव्हा आत लिंबू बसेल एवढा खड्डा होता. तो भरायला सात महिने लागले. हाड त्याआधीच जुळून आले होते. सासूबाई म्हणायच्या, "हाडाचे दुखणे देवाने दिले गं, पण हा पाठीतला निखारा कुणी ठेवला?" त्या रुग्णालयाचे नाव मी घेत नाही. रात्रपाळीला चाळीस खाटांना दोन नर्सा मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आहेत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली काढलेल्या पुस्तकात अशा जखमेचा दोष बहुतेक वेळा शुश्रूषेच्या पदरात टाकला आहे. बाई थोर खऱ्या, पण चाळिसांना दोन हे गणित मांडून मग दोष कोणाचा ते ठरवावे, असे मला वाटते.

आता संशोधनाकडे येते. संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काचेच्या नळ्या आणि पांढरे कोट येतात. नर्सचे कसले आले आहे संशोधन, भांडे द्यायचे आणि चादर बदलायची, असे माझ्या जाऊबाई बोलल्याच. पुण्यात रमाबाई रानडे यांनी सेवासदनातून बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवले त्याला शंभरावर वर्षे होऊन गेली. मुंबईत ठाकरसी महिला विद्यापीठाचे लीलाबाई ठाकरसी परिचारिका महाविद्यालय १९६४ पासून चालू आहे, आणि तिथे मुली नर्सिंगमधल्या वरच्या पदव्या घेतात. तरी भांडे आणि चादर यांपलीकडे आपली समजूत काही जात नाही. मी म्हणते, चादरच घ्या. कोणती चादर, कोणती गादी, किती वेळाने वळवायचे, हे कोणी मोजून पाहिले का? जगात पहिल्यांदा नीट मोजले त्यांत डोरीन नॉर्टन नावाची इंग्रज नर्स होती.

नॉर्टनबाईंनी म्हाताऱ्या माणसांच्या वॉर्डाचा अभ्यास केला. त्यांच्याबरोबर मॅक्लॅरन म्हणून होत्या आणि एक्स्टन-स्मिथ म्हणून वृद्धांचे डॉक्टर होते. तिघांचे पुस्तक लंडनमध्ये १९६२ साली निघाले. त्या काळी तिकडच्या रुग्णालयांत रुग्णाची पाठ चोळण्याचा मोठा थाट असे. कोणी साबणाच्या पाण्याने चोळी, कोणी स्पिरिटने, कोणी तेलाने, वर पावडर. प्रत्येक वॉर्डाची आपली रीत आणि प्रत्येकीला आपलीच खरी वाटे. आपल्या लोणच्यासारखेच हे, प्रत्येक घरची आजी म्हणते की माझ्याच मसाल्याने टिकते. नॉर्टनबाई वाद घालत बसल्या नाहीत. पाठ चांगली असताना जी म्हातारी माणसे दाखल झाली, त्यांच्यावर त्यांनी लक्ष ठेवले. सुमारे चौथा हिस्सा माणसांना पुढे जखम झाली. ती बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांतच झाली. आणि निष्कर्ष असा निघाला की बाटली कोणती यावर काही ठरत नाही. त्या जागेवरचा भार वेळच्या वेळी उतरला की नाही, यावर सगळे ठरते.

भगिनींनो, आज साठांवर वर्षे झाली तरी आपल्याकडे किती ठिकाणी स्पिरिट आणि पावडरचाच परिपाठ आहे! सासूबाई घरी आल्या त्या आठवड्यात भेटायला येणाऱ्यांनी तीन बाटल्या आणि दोन डबे आणून दिले. प्रेमानेच दिले. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. घामात पावडरीच्या गुठळ्या होतात आणि त्या खड्यांसारख्या टोचतात. लाल झालेली जागा रगडली तर आत आधीच दुखावलेले मांस आणखी फाटते, म्हणून आता तर नर्सिंगची पुस्तके अशी जागा चोळूच नका असे स्पष्ट सांगतात. पाठीला हलक्या हाताने खोबरेल लावायला कोणाची ना नाही. म्हाताऱ्या माणसाला तेवढीच माया वाटते. पण लाल जागेवर हात रगडू नये.

नॉर्टनबाईंनी आणखी एक उपयोगाची गोष्ट केली. कोणाला धोका जास्त आणि कोणाला कमी, हे ओळखण्यासाठी त्यांनी गुण द्यायची पद्धत बसवली. मला ती फार आवडली, कारण तिला यंत्र लागत नाही, रक्त तपासावे लागत नाही, पेन्सिल पुरते. पाच विषय, प्रत्येकाला एक ते चार गुण. एकूण वीस. पहिला विषय शरीराची प्रकृती, दुसरा मनाची जाग, तिसरा हिंडणेफिरणे, चौथा अंथरुणातल्या अंथरुणात हालचाल, पाचवा लघवी-शौचावरचा ताबा. सगळे उत्तम असेल तर चार, अगदी वाईट असेल तर एक. बेरीज चौदा किंवा त्याखाली आली की समजायचे, हा माणूस धोक्यात आहे आणि याची पाठ आजपासून सांभाळली पाहिजे.

उदाहरणादाखल एक आजी घेऊ. प्रकृती बरी म्हणावी अशी, तीन. मन जागे पण कशात लक्ष नाही, गप्प बसतात, तीन. उचलून खुर्चीत बसवले तर बसतात, चालत नाहीत, दोन. अंथरुणात स्वतः फार थोडे हलता येते, दोन. लघवी बहुतेक वेळा कपड्यांत होते, दोन. बेरीज बारा. म्हणजे या आजींना अजून काही झालेले नाही, पाठ स्वच्छ आहे, तरी त्या नापास आहेत. उद्या त्यांना ताप आला, खुर्ची सुटली, की प्रकृतीचे दोन आणि हिंडण्याचा एक होऊन बेरीज दहावर येईल. म्हणून हे गुण एकदा देऊन ठेवायचे नाहीत, प्रकृतीत फरक पडला की पुन्हा द्यायचे. पुढे अमेरिकेत बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या दोघी नर्सबाईंनी १९८७ साली दुसरी पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात सहा विषय आहेत आणि खाण्यापिण्याचा व अंथरुणावरून घसरण्याचाही हिशेब घेतला आहे. रुग्णालयांत हल्ली ती पुष्कळ वापरतात. घरी मला नॉर्टनबाईंची सोपी वाटते.

येथे एक गोष्ट आपल्या बाजूने सांगायची राहते. ही पुस्तके गोऱ्या माणसांच्या कातडीवर लिहिलेली. त्यांत लिहितात, लाली दिसली, बोटाने दाबली, आणि ती पांढरी झाली नाही तर सावध व्हा. आपल्या सावळ्या आणि काळ्या कातडीवर ही लाली कुठली दिसायला! आपल्याकडे डोळ्यापेक्षा हात जास्त कामाचा. रोज अंग पुसताना हाताची मागची बाजू त्या जागेवर ठेवायची. आजूबाजूपेक्षा गरम लागते का, गार लागते का, कडक लागते का, की पिकल्या फळासारखी लिबलिबीत लागते, आणि माणूस तिथे हात लावला की 'आई गं' म्हणतो का, ते पाहायचे. रंग पाहायचा तर जांभळट किंवा इतर अंगापेक्षा गडद दिसतो तो पाहायचा, आणि भर उजेडात. मधल्या खोलीतल्या दिव्याखाली काही दिसत नाही. कातडी सोलली, काळी पडली, पाणी-पू आला, वास आला किंवा ताप चढला तर घरगुती काही करू नये, डॉक्टरांना दाखवावे.

आता माझा रात्रीचा प्रश्न.

दोन तासांचा नियम सगळे पाठ म्हणतात. पण दोनच का, तीन का नाहीत, चार का नाहीत, हे नर्सबाईंनीच पुढे तपासले. आयर्लंडमध्ये झीना मूर नावाच्या नर्स आहेत. त्यांनी म्हाताऱ्या माणसांना दीर्घकाळ ठेवतात अशा १२ संस्थांतल्या २१३ माणसांवर प्रयोग केला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथे पूर्वीपासून रात्री सहा-सहा तासांनी माणसाला पूर्ण कुशीवर वळवीत असत. काही ठिकाणी तेच चालू ठेवले. बाकीच्या ठिकाणी रात्री दर तीन तासांनी वळवले, पण पूर्ण कुशीवर नाही, थोडेसेच कलते केले. चार आठवडे असे चालले. जुन्या रीतीत शंभरात अकराजणांना जखमा झाल्या. नव्या रीतीत शंभरात तिघांना.

हे कलते म्हणजे किती, ते ध्यानात ठेवायला सोपे आहे. घड्याळात बारा आणि एक यांच्यामध्ये जेवढे अंतर, तेवढा कल. पूर्ण कुशीवर टाकले की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. उताणे टाकले की माकडहाडावर. बारा-एकच्या कलावर तो दोन्ही हाडांच्या मधल्या मांसल भागावर येतो, जिथे निसर्गानेच गादी दिली आहे. पाठीमागे खांद्यापासून कमरेखालपर्यंत एक लांब उशी सारायची, दुसरी पायांखाली, आणि दोन गुडघ्यांच्या मध्ये काहीतरी मऊ. नंतर हाताने चाचपून पाहायचे की माकडहाड अधांतरी आहे. आणखी सांगायचे म्हणजे हा कल एकटीला देता येतो. पूर्ण कुशीला बहुधा दोन माणसे लागतात, आणि आपल्याकडे दुसरे माणूस म्हणजे गाढ झोपलेले असते.

बेल्जममध्ये टॉम डेफ्लूर यांनी ८३८ वृद्धांवर केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. हे गृहस्थ स्वतः नर्सिंगचे संशोधक. नर्सिंग काही बायकांनीच करावे असा शास्त्राधार नाही, हेही त्यावरून दिसते. त्यांना असे आढळले की दाबल्यावर अंगाचा आकार घेणाऱ्या चांगल्या फोमच्या गादीवर चार तासांनी वळवले, तर साध्या गादीवर दोन तासांनी वळवण्यापेक्षाही जखमा कमी होतात. मग बर्गस्ट्रॉमबाईंनी, मघाच्या त्याच, अमेरिका आणि कॅनडातल्या २७ वृद्धसंस्थांत ९४२ माणसे घेतली. सगळ्यांना दाट फोमच्या गाद्या दिल्या. मग भिशीत टाकतो तशा चिठ्ठ्या टाकून कोणाला दोन तास, कोणाला तीन, कोणाला चार असे ठरवले. चिठ्ठ्या अशासाठी की करणाऱ्याला आपल्या मनाने बरी माणसे एका बाजूला काढता येऊ नयेत. तीन आठवड्यांनी पाहिले तर तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. एकंदरीत शंभरात सुमारे दोघांनाच जखमा झाल्या. हे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

मुलीने हे वाचून दाखवले तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि मला बाराचा गजर लावायचा होता. गजराकडे पाहून मी तिला म्हटले, हे आधी का नाही गं कोणी सांगितले? दोन तास आणि चार तास यांत बाईची एक पूर्ण झोप असते. म्हाताऱ्या माणसाचीही असते. आमच्या सासूबाई बाराच्या ठोक्याला पुटपुटायच्या, "मला मेलीला भाकरीसारखी काय सारखी उलटतेस?" त्यांचेही खरेच होते.

परंतु येथे थांबून एक गोष्ट नीट ऐकून घ्या, नाहीतर घरी जाऊन माझ्या नावावर भलतेच सांगाल. त्या सगळ्या चार तासांच्या हिशेबात गादी फोमची आहे, आणि रोज कातडी पाहणारी शिकलेली माणसे आहेत. आपली कापसाची गादी वर्षभरात दगड होते. मधोमध खळगा पडतो, तो वेगळाच. तशा गादीवर किंवा सतरंजीवर दोन तासांचा नियम मोडू नये. गादी बदलली तरी एकदम चारवर जाऊ नये. नर्सला किंवा डॉक्टरांना विचारावे, तीनवर जावे, सकाळी जागा हाताने तपासावी, ठीक असेल तर पुढे पाहावे. आम्ही गादी आणल्यावर रात्री साडेदहा, दीड आणि साडेचार असे केले. दीडला मी आणि साडेचारला आमचे हे. त्यांना एरवीही पहाटे जाग येते, तेव्हा त्या जागेचा सदुपयोग झाला.

गादी घेताना बाजारात मिळेल तो स्वस्त मऊ फोम घेऊ नये. माणूस झोपलेला असताना गादीखाली हात सारून पाहावा. त्याचे हाड हाताला लागले तर ती गादी असून नसल्यासारखी. पंपाने फुगणाऱ्या हवेच्या गाद्यांची चौकशी पुष्कळजणी करतात. इंग्लंडमध्ये जेन निक्सन यांनी दोन हजारांवर रुग्णांवर हवेची गादी आणि उत्तम फोम यांची तुलना केली, ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. शेवटी दोन्हींत मोठा फरक निघाला नाही. हवेची गादी वाईट नव्हे. पण ती आणली म्हणजे कूस बदलायला नको, ही समजूत वाईट. शिवाय पंप विजेवर चालतो, आणि आपल्या भागातली वीज कधी जाते हे आपण जाणतोच. वीज गेली की हवा उतरते आणि आजी लोखंडी पट्ट्यांवर.

औषधांच्या दुकानात बसायची रबरी रिंग मिळते, ती घेऊ नका. मध्ये भोक असल्यामुळे ती बरी वाटते, पण भोकाच्या कडेने सगळीकडून रक्त आवळले जाते. रबरी हातमोज्यात पाणी भरून टाचेखाली ठेवतात, तेही पुस्तके नको म्हणतात. टाचेला काही लावायचे नाही आणि तिच्याखाली काही ठेवायचे नाही. पोटरीखाली लांबट उशी ठेवायची म्हणजे टाच हवेत राहते. एक बोट आरपार गेले पाहिजे. गुडघा किंचित वाकलेला असावा.

वर सरकवताना माणसाला ओढू नये. आपण काखेत हात घालतो आणि ओढतो, तेव्हा कातडी चादरीला चिकटून खालीच राहते आणि हाड पुढे जाते. आतल्या आत फाटते. जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी पाठीपासून मांड्यांपर्यंत आडवी घालून ठेवावी. दोघांनी दोन बाजूंनी तिची टोके धरून उचलून सरकवावे. उशाची बाजू फार उंच केली की माणूस खाली घसरत राहतो, तेव्हाही तेच होते. म्हणून जेवणाची वेळ सोडून एरवी तोही कल बारा-एकचाच ठेवावा. खुर्चीत बसवले म्हणजे सुटका झाली असे नाही. बसल्यावर सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतो, तेव्हा तासाभराने तरी उचलून पुन्हा नीट बसवावे.

ओले अंग हा या जखमेचा सोबती. लघवी झाली की लगेच पुसावे, घासू नये, टिपावे, आणि वर व्हॅसलीनसारख्या मलमाचा पातळ हात द्यावा. अंगावर ओले राहू नये म्हणून म्हातारी माणसे पाणीच पीत नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा. त्यांना मागायची लाज वाटते. आणि उपवास! पाठीला जखम असताना सासूबाईंची एकादशी सुटेना. मांस भरून यायचे तर शरीराला वरण, दूध, दही, अंडे चालत असेल तर अंडे, असे काहीतरी पाहिजेच. शेवटी देवळातल्या गुरुजींनाच घरी बोलावले. ते म्हणाले, आजारी माणसाला एकादशी लागत नाही. ते मी म्हटले असते तर चालले नसते.

कोणत्या कुशीवर कधी ठेवले याची नोंद स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर करावी. दुधाचा खाडा लिहितो तिथेच. डा, उ आणि वेळ एवढे पुरे. नोंद नसली की प्रत्येकाला वाटते दुसऱ्याने वळवले, आणि आजी सकाळपासून तशीच. आमच्या घरी नोंद सुरू झाल्यावर आणखी एक गंमत झाली. कोणाची अक्षरे किती आहेत ते महिनाअखेर सगळ्यांना दिसले. मोठे दीर बोलले काही नाहीत, पण पुढच्या महिन्यात रविवारी येऊन बसू लागले.

आता मंडळापुढे माझी एक सूचना आहे. चांगली फोमची गादी एका घराला महाग पडते, आणि ती लागते काही महिने किंवा वर्षभर. मग माळ्यावर जाते. आपल्या मंडळाची मोठी पातेली आणि झारे जसे लग्नकार्याला अनामत ठेवून नेता येतात, तशी मंडळाने एक गादी घ्यावी. पुढे जमल्यास दोन. आवरण पुसता येईल असे, काढून धुता येईल असे असावे. भांड्यांच्या भाड्याचा जो पैसा शिल्लक आहे त्यात पहिली गादी बसते की नाही, ते खजिनदारबाईंनी पाहावे. आमच्या घरची गादी मी स्वच्छ करून, उन्हात वाऱ्याला ठेवून आणली आहे. ती बाहेर ओसरीवर आहे. सासूबाई गेल्या चैत्रात गेल्या. जाताना पाठ कोरी होती. ती गादी कोणाला लागत असेल तर आजच न्या. तिच्यासाठी अनामत नको.

येत्या बुधवारी दुपारी तीन वाजता माझी मुलगी आणि तिच्या दोन मैत्रिणी याच सभागृहात कूस कशी द्यायची ते प्रत्यक्ष करून दाखवणार आहेत. झोपायला माणूस मी आहे. येताना प्रत्येकीने दोन उशा आणि एक जुनी सुती चादर किंवा लुगडे आणावे. घरच्या पुरुषमंडळींना आणले तर फार बरे, त्यांच्यासाठी पुढच्या खुर्च्या राखून ठेवू.